आवाज कुठपर्यंत शाबूत आहे

'आवाज बिघडलाय' ही तक्रार दुरुस्तीच्या टेबलावर येते तेव्हा तिच्यात दोन-तीन वेगळ्या तक्रारी एकत्र गुंडाळलेल्या असतात. चित्राचं तसं नसतं. टीव्हीवर रेघ आली तर गिऱ्हाईक बोट ठेवून दाखवतं. आवाजावर बोट ठेवता येत नाही, मग माणूस तोंडाने आवाज काढून दाखवतो. कुणी 'खर्रर्र' करतो, कुणी 'घोंऽऽ'. नांदेडला तारासिंग मार्केटच्या आसपास टेप, डेक, टीव्ही आणि पुढे सेट-टॉप बॉक्स दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तोंडाने काढलेले हे आवाज मी कधी हसण्यावारी नेले नाहीत. मीटर लावण्याआधीची पहिली मोजणी तीच असते.

लातूरहून फोन आला तोही असाच. औसा रोडकडे राहणारे, क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवणारे एक सर. "काका, मिस्टरचा आवाज फाटायलाय. मधूनच घोंघों पण होतंय. आणि खरं सांगू का, आवाज तसा नाहीच. आम्ही लहानपणी ऐकलेला तसा नाही." एका दमात त्यांनी हे सांगितलं. मी तीन ओळी वेगवेगळ्या लिहून घेतल्या. फाटणं, घोंघावणं आणि 'तसा नसणं'. पुढचं सगळं काम म्हणजे या तीन ओळी एकमेकींत मिसळू न देणं.

मिस्टर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटरवर जुना गेम चालतो तेव्हा एक प्रोग्रॅम जुन्या यंत्राची नक्कल करत असतो. मिस्टर ज्यावर चालतो त्या एफपीजीए नावाच्या चिपमध्ये प्रोग्रॅम नसतो, तिथे सर्किटच घडवलं जातं. हजारो कोऱ्या लॉजिक घटकांची जोडणी 'कोअर' नावाच्या फाईलमधून ठरते, आणि ती चिप त्या वेळेपुरती जुन्या यंत्राची चिप होते. झायलिंक्सने 1985 मध्ये आणलेल्या पहिल्या एफपीजीएत असे 64 ठोकळे होते. मिस्टरला लागतो तो तैवानच्या टेरासिक कंपनीचा डीई10-नॅनो बोर्ड. त्यावरच्या सायक्लोन फाइव्ह चिपमध्ये 1 लाख 10 हजार लॉजिक एलिमेंट आहेत. जर्मनीच्या टिल हार्बाउम यांच्या 'मिस्ट' या यंत्रावरून अलेक्सी मेल्निकोव्ह यांनी 2017 मध्ये हा प्रकल्प उभा केला आणि सगळा कोड खुला ठेवला. निन्टेन्डोचं 1983 चं फॅमिकॉम, सेगा, निओ जिओ, अमिगा ही सगळी यंत्रं एकाच बोर्डात पाळीपाळीने अवतरतात. ज्यांचं बालपण 'व्हिडिओ गेम'च्या कॅसेटमध्ये फुंकर मारण्यात गेलं ती पिढी आता कमावती झाली आहे, आणि असे बोर्ड आता मराठवाड्यातही येऊ लागले आहेत.

सरांना मी एकच सांगितलं. बोर्ड एकटा आणू नका. ज्या ज्या वस्तूला वायर लागते ती प्रत्येक वस्तू आणा, वायरसकट. अडॅप्टर, अ‍ॅम्प्लिफायर, ऑडिओ केबल, सगळं. टीव्ही तेवढा राहू द्या. रविवारी सर अहमदपूर-लोह्यावरून पिशवी सांभाळत आले.

फाटलेल्या आवाजाचेही प्रकार आहेत. आवाज मध्येच तुटून चुकीचा तुकडा वाजतो, माणसाचा आवाज खरडल्यासारखा येतो आणि सूर मात्र ठीक असतात, तेव्हा संशय मेमरीवर घ्यायचा. निओ जिओसारख्या यंत्रात आरोळ्या आणि ढोल हे साठवलेले नमुने असतात. मिस्टरचे अनेक कोअर असे नमुने बोर्डावर खोचलेल्या एसडीरॅमच्या पट्टीतून वाचतात. पट्टीचा कॉन्टॅक्ट हलला की आकडेच चुकीचे येतात. पण आकडे चुकले तर ते सगळीकडे चुकायला हवेत, एचडीएमआयच्या आवाजातही. म्हणून पहिली चाचणी सोपी होती. तोच गेम, तोच प्रसंग, एचडीएमआयने माझ्या टीव्हीवर लावला. आवाज स्वच्छ, अगदी आरशासारखा. मेमरी तपासायचा वेगळा कोअरही मिस्टरमध्ये आहे. तोही चालवला. एकही चूक नाही.

या चाचणीत एक पथ्य पाळावं लागतं. एचडीएमआयच्या केबलमधून आवाजाचं स्वतःचं घड्याळ जात नाही. चित्राच्या घड्याळाला एका आकड्याने गुणून दुसऱ्याने भागायचं आणि आवाजाचा ताल पलीकडे नव्याने बांधायचा, अशी ती व्यवस्था आहे. सेकंदाला 48 हजार नमुन्यांसाठी गुणायचा आकडा 6144 असतो. चांगला टीव्ही हे गणित बिनबोभाट करतो. स्वस्तातलं एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर त्यात अडखळतं आणि त्याच्या कडेच्या छोट्या छिद्रातून येणारा आवाज फाटतो. मग बोर्ड निर्दोष असूनही दोष त्याच्यावर जातो. म्हणून चाचणीला टीव्ही थेट जोडावा, मध्ये काही नको.

आता एवढं पक्कं झालं की चिपच्या आत आवाज शाबूत आहे. बिघाड त्यापुढे, आकड्यांचं तांब्यात रूपांतर होतं तिथून पुढे कुठेतरी.

ते रूपांतर कसं होतं हे समजून घेण्यासारखं आहे. मिस्टरच्या अ‍ॅनालॉग बोर्डावर आवाजासाठी वेगळी महागडी आयसी नसते. एफपीजीएची एक पिन डाव्या कानासाठी, एक उजव्या. पिन दोनच गोष्टी जाणते, पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. नळ अर्धा उघडायची सोयच नाही, पण तो इतक्या झपाट्याने उघडझाप केला की खालच्या बादलीतली पातळी आपल्याला हवी तिथे धरून ठेवता येते. इथे उघडझाप सेकंदाला जवळपास अडीच कोटी वेळा होऊ शकते. 24.576 मेगाहर्ट्झचं घड्याळ, म्हणजे आवाजाच्या प्रत्येक नमुन्यामागे 512 ठोके. बादलीचं काम करतात पिनीपुढचे रेझिस्टन्स आणि कपॅसिटर. गेममध्ये काहीच वाजत नसतं तेव्हाही ही पिन निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद अशी धावतच असते. आपण जिला शांतता म्हणतो ती त्या धावपळीची सरासरी.

या पद्धतीत सगळा कचरा वरच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या पट्टीत ढकलला जातो. तो गाळून टाकायची जबाबदारी त्या एवढ्याशा कपॅसिटरवर. शिवाय पिन 'चालू' असते तेव्हा तिच्यावर येतो तो बोर्डाचा 3.3 व्होल्टचा पुरवठाच. त्यामुळे पुरवठ्यात खरखर असली तर ती सरळ आवाजात उतरते. अशा बोर्डाला पाच व्होल्टचा अडॅप्टर चांगल्या प्रतीचा असावा असा मी हट्ट धरतो तो यासाठी.

टेबलावर मात्र गंमत निराळीच झाली. माझ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर, ज्यात टीडीए2030 आहे, बोर्ड छान वाजला. सरांचा अ‍ॅम्प्लिफायर माझ्या फोनवर छान वाजला. म्हणजे दोन्ही वस्तू आपापल्या जागी निर्दोष. दोन्ही एकमेकींना जोडल्या की डावा स्पीकर फाटायचा, उजवा नाही. पात्राने उडी मारली की 'टुइं'ऐवजी 'ट्झर्र'. सरांचा चेहरा उजळला, कारण त्यांच्या घरचा बिघाड माझ्या टेबलावर हजर झाला होता. आपण खोटी तक्रार केली नाही याचं समाधान गिऱ्हाइकाला फार असतं, आणि ते त्याला मिळायलाच हवं.

डावी-उजवी पिन अदलाबदल केली. फाटणं उजव्या स्पीकरकडे गेलं. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर सुटला. केबल बदलली, फरक नाही. बोर्डाचाच डावा भाग. मग माझ्या अ‍ॅम्प्लिफायरवर तो का ऐकू येत नव्हता? सरांचा अ‍ॅम्प्लिफायर क्लास-डी होता, हातात मावणारा, गरम न होणारा, हल्ली सगळीकडे मिळतो तसा. तो आवाजाचे स्वतः तुकडे करतो, सेकंदाला काही लाख वेळा. त्याच्या तोंडाशी बोर्डाकडून न गाळलेला कचरा आला की दोन्हींच्या वेगांची आपसात गाठ पडते आणि त्यांच्या फरकातून नवा, ऐकू येणारा गोंगाट जन्माला येतो. माझा जुना अ‍ॅम्प्लिफायर मंद आहे. त्याच्या इनपुटलाच असा कपॅसिटर आहे की इतक्या वेगाचं काही आत शिरत नाही. बोर्डाची गळती तो गुपचूप स्वतःवर घेत होता.

स्कोपचा प्रोब लावला. उजव्या बाजूला शांततेत बारीक रेघ, डाव्या बाजूला पडद्यावर जाड पट्टा. आता जागा हातभर नव्हे, नखभर उरली होती. भिंगाखाली पाहिलं तर जॅकच्या मागे तीळभर आकाराचा सिरॅमिक कपॅसिटर जागेवर होता, दिसायला ठणठणीत. बांबूच्या काडीचं टोक त्यावर हलकेच दाबलं आणि त्याच क्षणी डावा स्पीकर स्वच्छ झाला. काडी उचलली, पुन्हा फाटला. ड्राय सोल्डर. इयरफोनची पिन शेकडो वेळा खोचली-उपसली की जॅक हलतो, जॅकबरोबर पट्टी किंचित वाकते, आणि जवळच्या कडक सिरॅमिकचा टाका तडकतो. दाबून बघायची ही रीत मला टीव्हीच्या पट्ट्यांनी शिकवली. तेव्हा स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने टीव्हीची प्लेट हलके ठोकून तडकलेला टाका शोधायचो. वस्तू लहान झाली आणि मुठीची काडी झाली, एवढंच. जुना कपॅसिटर काढून नवा लावला, जॅकचे पायही नव्या सोल्डरने भरून घेतले. सरांना सांगितलं, आता पिन सारखी काढू-घालू नका, एक छोटी एक्स्टेंशन केबल कायमची लावून ठेवा, झीज तिची होऊ द्या.

पहिली ओळ मिटली. दुसरी माझ्या टेबलावर मिटणारी नव्हती, कारण नांदेडात घोंघावणं येतच नव्हतं. ते लातूरच्या घरात होतं, भिंतीत. तेव्हा मी लातूरला गेलो.

सरांच्या खोलीत जुना व्हिडिओकॉन होता, काचेच्या ट्यूबचा, मागे हिरवी-निळी-लाल कॉम्पोनंट इनपुट असलेला. औरंगाबादजवळच्या चितेगावच्या कारखान्याने व्हिडिओकॉनला घराघरात नेलं तेव्हा आम्हा मेकॅनिकांना तो आपल्या मुलखाचा माल वाटायचा. टीव्ही उत्तम चालत होता. त्याच्या पाठीत केबलवाल्याची कोऍक्स वायर अजून घट्ट आवळलेली होती, कनेक्शन बंद करूनही. मी तेवढी एक वायर सोडवली आणि घोंघावणं बहुतेक गेलं. त्या वायरीची जाळी रस्त्यावरच्या कुठल्याशा खांबावरच्या बूस्टरला जोडलेली असते. तिथली जमीन वेगळी, घरातली वेगळी. दोन्हींमधल्या फरकाने करंट वाहतो तो टीव्हीतून, तिथून बोर्डात आणि बोर्डातून ऑडिओ केबलच्या जाळीतून. ती जाळी आवाजाचाही परतीचा रस्ता असते. मग 50 हर्ट्झचा भोंगा आवाजात मिसळतो.

बारीक झिणझिण उरली होती. बोर्डाच्या धातूच्या खोक्यावर हाताची मागची बाजू फिरवली तर मुंग्या आल्यासारखं लागत होतं. दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये आतून बारीक कपॅसिटरची वाट असते, आणि अर्थ नसेल तर खोकं मेनच्या अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतं. करंट अगदी थोडा, धोका नाही, पण आवाजाला पुरेसा. यावर उपाय अर्थिंग. सॉकेटमध्ये तिसरी वायर होती. वायरमनला बोलावून फेज आणि अर्थमध्ये दिवा लावून पाहिला तर दिवा मिणमिणला. वायर होती, जमीन नव्हती.

अंगणाच्या कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा सापडला. कोळसा आणि मीठ भरून घर बांधतानाच केलेला, वर पाणी ओतायचा पाइपही होता. पाइपात कोरडी माती. सरांच्या आई म्हणाल्या, "पूर्वी मी भांड्याचं पाणी रोज त्यातच टाकायचे. दुष्काळात कुठलं आलंय पाणी? तवापासून सुटलं ते सुटलंच." एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींनी लातूरला प्यायचं पाणी आणलं, ते दिवस त्या सांगत होत्या. अर्थिंगचा खड्डा भिजवायला त्या वर्षी कोण पाणी देणार? मला त्या क्षणी आवाजापेक्षा त्या घरातल्या गिझरची आणि धुलाई यंत्राची जास्त काळजी वाटली. आवाज घोंघावला तर गेम बंद करता येतो. खड्डा कोरडा असताना गिझरची कॉइल फुटली तर बाथरूममध्ये माणूस जातो. तिसरी पिन अडते म्हणून पक्कडीने मोडून टाकणारी घरं मी दोन्ही शहरांत पाहिली आहेत. तसं करू नका, हे मी हात जोडून सांगतो. खड्ड्यात बादल्या ओतल्या, टोकाचा गंजलेला नट बदलला, घरात अर्थचा ब्रेकरही बसवून घ्या म्हणून वायरमनला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दिवा लख्ख पेटल्याचा फोन आला. बोर्डाला अर्थ असलेला तीन पिनांचा पुरवठा दिल्यावर झिणझिण संपली.

तिसरी ओळ सगळ्यात नाजूक होती. 'आवाज तसा नाही.' बरेच मेकॅनिक इथे म्हणतील, हा मनाचा खेळ आहे. मला तसं वाटलं नाही. फिजिक्स शिकवणारा माणूस, लहानपणी तासन्‌तास 'कॉन्ट्रा' खेळलेला. त्याच्या कानाला फरक जाणवतोय तर फरक असणार.

आपल्याकडे 1990 च्या दशकात खरं फॅमिकॉम क्वचितच आलं. आलं ते क्लोन. आतली चिप वेगळ्या कारखान्याची, बरेचदा काळ्या थेंबाखाली दडलेली. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला 50 चित्रं. जपानी यंत्र 60 चित्रांचं, आणि त्या गेममध्ये संगीत चित्राच्या ठोक्यावर पुढे सरकतं. म्हणून आपल्याकडे गाणी सहापैकी पाच हिश्श्यांच्या वेगाने वाजली. पण क्लोनच्या प्रोसेसरचं घड्याळ 1.773 मेगाहर्ट्झ, जपानीचं 1.790. फरक शंभरात एकापेक्षा कमी, म्हणून सूर जवळपास तोच राहिला. चाल संथ, पट्टी तीच. लातूरच्या मुलांनी ऐकलेला कॉन्ट्रा टोकियोतल्या मुलांच्या कॉन्ट्रापेक्षा खरोखर सावकाश होता. मिस्टरच्या कोअरमध्ये यासाठी 'डेंडी' नावाची सेटिंग आहे, 1992 मध्ये रशियात विकायला आलेल्या अशाच क्लोनच्या नावाची. ती लावली. सर पुढे सरकून बसले. "वेग आला. रंग नाही आला, काका."

रंग हा त्यांचाच शब्द. फॅमिकॉमच्या दोन मुख्य स्वरवाहिन्या चौकोनी लहरींच्या. लहर किती वेळ वर राहते यावर तिचा रंग ठरतो. आठवा हिस्सा वर राहिली तर आवाज नाकातला, निम्मा वेळ वर राहिली तर गोल, पोकळ. अनेक क्लोन चिपांत पाव आणि निम्मा या दोन जागांची अदलाबदल झालेली आहे. म्हणजे जपानी संगीतकाराने टोकदार स्वर मागितला तिथे आमच्या यंत्राने गोल दिला, आणि गोल मागितला तिथे टोकदार. हे मी सांगितल्यावर सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही ऐकलं ते चुकीचं?" मी म्हणालो, सर, तुम्ही ऐकलं ते तुमच्या यंत्राचं. त्यात बिघाड काही नव्हता.

बिघाड नाही म्हटल्यावर सोल्डरिंग आयर्नचा उपयोग नव्हता. पण यंत्र एफपीजीए होतं. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतला एक विद्यार्थी माझ्याकडे सुट्टीत येऊन बसतो. त्याने कोअरचा कोड उतरवून घेतला, चौकोनी लहरीचा भाग काढला. रंग ठरवणारा आकडा दोन बिटांचा. पावसाठी 01, निम्म्यासाठी 10. दोन बिट एकमेकांच्या जागी टाकले की झालं. 00 आणि 11 या दोन जागांना त्याने काही फरक पडत नाही. विद्यार्थ्याने तेवढी एक ओळ बदलली आणि सर्किटची फाईल बनवणाऱ्या क्वार्टस सॉफ्टवेअरला कामाला लावलं. त्याच्या लॅपटॉपचा पंखा चहा संपेपर्यंत ओरडत होता. तयार झालेली फाईल लातूरला पाठवली.

संध्याकाळी सरांनी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन स्पीकरसमोर धरला. फोनमधून रंग काही मला नीट कळला नाही. सरांना कळला होता. "हाच, काका, हाच!" म्हणत त्यांनी पहिली पायरी सुरूही केली, आणि मागे वळून धाकट्या भावाला हाक मारली, दुसरा रिमोट घेऊन ये म्हणून.